पोकेमॉनचे जुने चाहते काय मागताहेत?

वऱ्हाडात मृगाचा पहिला पाऊस पडला की धुऱ्यावर मखमलीसारखे लाल किडे दिसू लागतात आणि पोरे ते आगपेटीत जमा करू लागतात. कोणाच्या पेटीत किती, कोणाचा किडा मोठा, कोणी कोणाला काय देऊन कोणता घेतला याची चर्चा पुढे आठवडाभर शाळेत चालते. टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात वाढलेला सातोशी ताजिरी नावाचा मुलगा लहानपणी हेच करीत असे. पुढे तेथील शेते आणि तळी इमारतींखाली गेली, किडे दिसेनासे झाले. मोठेपणी 'गेम फ्रीक' ही संस्था काढून ताजिरी यांनी आपला तो छंद हातात मावणाऱ्या खेळयंत्रात उतरवला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन खेळ विक्रीस आले. त्यांत १५१ काल्पनिक जीव होते. एकाच खेळात सगळे जीव मिळत नसत. दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय संग्रह पूर्ण होणे नव्हते. आगपेटीतील व्यवहार नेमका असाच असतो, हे वऱ्हाडातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

या घटनेला आता सुमारे तीन दशके होत आली. जीवांची संख्या १,०२५ वर गेली आहे. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले खेळाडू आज चाळिशीत आहेत आणि मालिकेचा नवा खेळ जाहीर झाला की सर्वांत आधी आणि सर्वांत कडाडून बोलणारे तेच असतात. या प्रौढांना मुलांच्या खेळाकडून नेमके हवे तरी काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. चाहता म्हणून कोणाची मोजदाद होते आणि कोणाची होत नाही? वाशीमसारख्या जिल्ह्यातून पाहिले की हा दुसरा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो.

वचनभंगाची तक्रार

जुन्या चाहत्यांच्या रागाचे मूळ २०१९ मध्ये आहे. 'सगळे पकडा' हे या मालिकेचे इंग्रजी घोषवाक्य होते आणि कंपनीने ते बराच काळ निष्ठेने पाळले. २००२ साली आलेल्या 'रुबी' किंवा 'सफायर' या खेळांत पकडलेला जीव पुढच्या यंत्रावर, पुढच्या खेळात नेता येत असे. वाट एकेरी होती. एकदा पुढे गेलेला जीव मागे येत नसे. तरीही शाळकरी वयात पकडलेला एखादा जीव नोकरी लागेपर्यंत सोबत ठेवणारे खेळाडू जगभर आहेत. ज्यांनी कधी खेळ खेळला नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण जुनी नाणी, तिकिटे, आगपेट्यांची वेष्टने जपणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना त्यातील जिव्हाळा कळू शकेल.

जून २०१९ मध्ये मालिकेचे एक प्रमुख निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केले की 'सोर्ड' आणि 'शील्ड' या आगामी खेळांत सर्व जीव आणता येणार नाहीत. जीवांची संख्या आठशेवर गेली आहे, नव्या यंत्रावर प्रत्येकाची आकृती आणि हालचाल दर्जेदार करायची तर वेळ पुरत नाही, शिवाय लढतींचा समतोल राखणे कठीण होते, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खेळ आले तेव्हा त्यांत ४०० जीव होते. पुढे २०२० मध्ये सशुल्क पुरवण्यांच्या काळात दोनशेहून अधिक जुने जीव परत आणले गेले. या क्रमाने चाहते अधिकच दुखावले. आधी काढून घ्यायचे आणि मग परत द्यायचे, त्याच वेळी नवा माल विकायचा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. कंपनीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की परत आलेले जीव पुरवणी विकत न घेणाऱ्यांनाही अदलाबदलीने मिळू शकत होते.

बहिष्काराच्या घोषणा झाल्या. जुन्या आणि नव्या खेळांतील आकृत्या शेजारी ठेवून कंपनीचे कारण खोटे पाडण्याचे प्रयत्न झाले. आणि 'सोर्ड' व 'शील्ड' यांच्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मालिकेच्या चाहत्यांची कोंडी यात सापडते. रागावणारे आणि विकत घेणारे बहुतांशी एकच असतात, आणि ते दोन्ही प्रामाणिकपणे करतात.

यानंतर संग्रहाचे दरवाजे आणखी एका बाजूने बंद होऊ लागले. जुन्या यंत्रावरील जीव नव्यावर नेण्यासाठी 'पोकेमॉन बँक' ही सेवा लागते. ती ज्या दुकानातून उतरवून घ्यावी लागे, ते निन्टेन्डो थ्रीडीएस यंत्राचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. ज्यांच्याकडे सेवा आधीपासून होती ते तरले. कपाटात जुने यंत्र ठेवून विसरून गेलेल्यांना आता नव्याने वाट नाही. जुन्या चाहत्यांची पहिली मागणी ही अशी आहे. जे जमवले ते टिकू द्या. कोणत्याही संग्राहकाची याहून वेगळी मागणी नसते.

घाईचे फळ

दुसरी मागणी दर्जाची आहे आणि तिच्यावर फारसा वाद होऊ नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' यांनी पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रतींचा टप्पा गाठला. निन्टेन्डोच्या यंत्रांवरील कोणत्याही खेळाची तोवरची ती सर्वोच्च सुरुवात होती. त्याच तीन दिवसांत पात्रे जमिनीत रुतताना, चेहरे विस्कटताना आणि चित्र अडखळताना दाखवणाऱ्या ध्वनिचित्रफिती जगभर फिरल्या. पहिली दुरुस्ती जाहीर करताना कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

असे का होते, याचे उत्तर व्यवसायाच्या रचनेत आहे. खेळ आला की त्यासोबत दूरचित्रवाणी मालिकेचा नवा भाग, पत्त्यांचा नवा संच, खेळणी, दप्तरे असे सारे एकाच वेळी बाजारात उतरते. त्यामुळे खेळ अर्धाकच्चा असला तरी तारीख पुढे ढकलणे सोपे राहत नाही. घाईने केलेला पापड जसा भाजताना कळतो, तसे यात होते. २०२४ मध्ये मुख्य धारेतील एकही खेळ आला नाही, तेव्हा चाहत्यांनी नाराज होण्याऐवजी सुटकेचा निःश्वास टाकला, ही बाब बोलकी आहे. त्यानंतर १६ ऑक्टोबर २०२५ रोजी 'लेजेंड्स : झेड-ए' आला. त्यातील लढतीची नवी, वेगवान पद्धत वाखाणली गेली. सपाट, चित्र चिकटवल्यासारख्या दिसणाऱ्या इमारतींची थट्टाही झाली. आणि खेळ विक्रीस येण्याआधीच त्याच्या सशुल्क पुरवणीची घोषणा झाल्यामुळे जुनी जखम पुन्हा उघडी पडली.

अर्थात, चाहत्यांचे सगळेच मागणे रास्त आहे असे नाही. मुलांसाठी असलेला खेळ अवघड करा, असे चाळिशीचा माणूस म्हणतो तेव्हा तो आपले वय विसरलेला असतो. सहज खेळायचे की कठीण, हा पर्याय निवडता यावा, एवढी मागणी मात्र समजण्याजोगी आहे. २०१२ च्या खेळांत असा पर्याय काही प्रमाणात देऊन पुढे तो काढून टाकण्यात आला. २००४ च्या 'एमराल्ड'मधील 'बॅटल फ्रंटियर' हे निष्णात खेळाडूंसाठीचे स्वतंत्र क्षेत्र परत आणा, अशी हाकाटी दोन दशके चालू आहे. २०१४ मध्ये त्याच प्रदेशावरचा खेळ नव्याने काढला गेला, तेव्हा त्या क्षेत्राची केवळ एक प्रतिकृती दाखवून बोळवण झाली. दुसरीकडे, जुनेच हवे म्हणणारे हेच लोक नवे काही नाही म्हणूनही ओरडतात. जानेवारी २०२२ च्या 'लेजेंड्स : आर्सियस'ने जीव पकडण्याची सारी पद्धतच बदलली आणि जुन्या चाहत्यांनीच त्याचे सर्वाधिक स्वागत केले. त्यांना काय हवे हे त्यांनाही खेळ हाती आल्यावरच कळते, असे म्हणायला जागा आहे.

या अस्वस्थतेचा लाभ इतरांनी उठवला नसता तरच नवल. जानेवारी २०२४ मध्ये जपानच्याच 'पॉकेटपेअर' या छोट्या कंपनीने 'पालवर्ल्ड' आणला. एका महिन्यात संगणकावरील त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. त्यातील जीव पाहून पोकेमॉनची आठवण होणार नाही, असा माणूस विरळा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. तो आकृत्यांच्या नकलेवर नसून एकस्वांवर, म्हणजे पेटंटवर आधारलेला आहे, हे विशेष. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. ग्राहक दुसऱ्या दारात उभा राहू शकतो हे त्या महिन्याने दाखवून दिले.

आपल्याकडचा चाहता

येथवर जे लिहिले ते जगातील कोणत्याही वृत्तपत्रात येऊ शकले असते. आपल्याकडे मात्र गोष्ट निराळी आहे. भारतातील पोकेमॉनचा जुना चाहता खेळातून घडलेला नाही. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर ही मालिका सुरू झाली आणि हिंदी बोलणाऱ्या ॲशने येथील एक पिढी बांधून ठेवली. प्रस्तुत लेखक त्याच पिढीतला आणि वाशीम जिल्ह्यातच शिकलेला. त्या काळी दुपारच्या भारनियमनात भाग हुकला की दुसऱ्या दिवशी वर्गात ज्याच्या घरी वीज होती त्याच्याकडून सारी हकिगत ऐकावी लागे. चिप्सच्या पुड्यांतून निघणारे पोकेमॉनचे टाझो हे आमचे चलन होते. दोन यंत्रे तारेने जोडून अदलाबदल करण्याची सोय नव्हती. ती अदलाबदल आम्ही मधल्या सुट्टीत हातांनी केली.

खेळ कळला तो त्यानंतर, सायबर कॅफेत. तासाला पैसे मोजून, हातयंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर आणि कोणीतरी कोठूनतरी उतरवलेल्या प्रतीवर. ही चाचेगिरी होती, यात शंका नाही. पण वाशीम, अकोला किंवा यवतमाळच्या बाजारात मूळ वस्तू विकत मिळतच नसेल तर चोरीचा मोहही कोणाच्या मनात अपराध म्हणून उमटत नाही. आजही चित्र फारसे वेगळे नाही. निन्टेन्डोचे 'स्विच' हे यंत्र २०१७ मध्ये जगभर आले तेव्हा भारत त्या यादीत नव्हता. येथे मिळतात ती आयात करून, अनधिकृत मार्गाने आलेली यंत्रे. बिघडले तर हमी कोणाची, हे विचारायचे नसते.

किमतीचे गणितही पाहावे. 'स्कार्लेट' किंवा 'व्हायोलेट'ची अमेरिकेतील किंमत ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सोयाबीन हेच ज्या जिल्ह्याचे मुख्य पीक आहे, तेथे एक खेळ म्हणजे एक क्विंटल सोयाबीन आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. गेल्या काही हंगामांत बाजार समितीतील दर त्याच्या खाली होते, हे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असते. यंत्राची किंमत यात धरलेली नाही.

त्यामुळे जगातील चाहता 'सर्व जीव परत आणा' म्हणतो, तेव्हा येथील चाहत्याची मागणी त्याच्या बरीच अलीकडे येऊन थांबते. आम्हाला तुमचा ग्राहक तरी होऊ द्या. अधिकृत विक्री, परवडणारी किंमत, आपली भाषा. यांपैकी भाषेच्या बाबतीत एक पाऊल पडले आहे. २०२३ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ हिंदीत उपलब्ध झाला. मराठीची पाळी केव्हा येईल, हे विचारण्याचीही कोणाला सवय राहिलेली नाही.

वाशीमचा रिकामा नकाशा

'पोकेमॉन गो' ही वाशीमच्या चाहत्याला लाभलेली पहिली अधिकृत संधी होती, म्हणून तिच्याकडे थोडे अधिक लक्ष दिले पाहिजे. जुलै २०१६ मध्ये तो परदेशांत आला. भारतात १४ डिसेंबर २०१६ रोजी, रिलायन्स जिओशी झालेल्या कराराने. जिओची सेवा त्याच सप्टेंबरात सुरू झाली होती आणि डेटा फुकट होता. यंत्र घ्यायला नको, खेळ घ्यायला नको, वडिलांचा मोबाइल पुरेल. यापेक्षा अनुकूल मुहूर्त सापडला नसता.

मात्र हा खेळ घरात बसून खेळायचा नाही. नकाशावर ठिकठिकाणी 'पोकेस्टॉप' असतात, तेथे प्रत्यक्ष गेले की चेंडू आणि इतर साहित्य मिळते. साहित्य संपले की जीव पकडता येत नाही. हे थांबे आले कोठून? निर्मात्या 'नायंटिक' कंपनीचा 'इनग्रेस' नावाचा आधीचा एक खेळ होता. त्याच्या खेळाडूंनी सुचवलेल्या देवळे, पुतळे, चौक, बागा यांच्या यादीतून बहुतेक थांबे उचलले गेले. 'इनग्रेस' खेळणारा वर्ग होता मुंबई, पुणे, बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतला. त्यामुळे पुण्याच्या एका पेठेत पावलापावलावर थांबे आणि लहान गावांत शुकशुकाट, अशी स्थिती पहिल्या दिवसापासून ठरून गेली. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत थांबे कमी असल्याचे २०१६ मध्येच दाखवून देण्यात आले होते. जिओच्या करारातून रिलायन्सची दुकाने थांबे झाली खरी, पण दुकानेही शहरांतच.

वाशीम जिल्ह्यात सांगण्याजोग्या जागा नाहीत, असे कोणी म्हणू नये. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. तेथे बालाजीचे मंदिर आहे, पद्मतीर्थ आहे. कारंजाला नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जुनी जैन मंदिरे, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी. शहरातील एखाद्या सोसायटीच्या कारंज्याला थांबा होण्याचा मान मिळतो, तर यांना का मिळू नये? येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली होती. या खेळात बक्षीस म्हणून मिळणारी अंडी मंदिरांच्या आवारात दिसतात, हा त्यातील आक्षेप होता. पडद्यावरच्या अंड्याने सोवळे मोडते का, हा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण ज्या गावांत प्रेक्षणीय स्थळ म्हणजे देऊळ हेच समीकरण आहे, तेथे थांबा सुचवणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

पुढे विशिष्ट पातळी गाठलेल्या खेळाडूंना नवे थांबे सुचवण्याची मुभा मिळाली. त्यातही गोम आहे. ती पातळी गाठायला भरपूर खेळावे लागते आणि भरपूर खेळायला थांबे लागतात. सुचवलेली जागा खरी आहे की नाही, हे अन्य गावांतील खेळाडू छायाचित्रे आणि नकाशे पाहून ठरवतात. रस्त्यावरचे दृश्य दाखवणारी गुगलची सेवा २०२२ मध्ये भारतात आली तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) होते. वाशीम नव्हते. परीक्षकाने पडताळणी करायची तरी कशावरून?

महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, कंपनीने दोन सवलती दिल्या. थांब्यापासून ४० ऐवजी ८० मीटरवरूनही साहित्य घेता येऊ लागले आणि बलाढ्य जीवांविरुद्धच्या सामूहिक लढतीत दुरून भाग घेण्याचा पास निघाला. ज्या गावात खेळणारे तिघे-चौघेच आहेत, तेथे अशी लढत एरवी जिंकताच येत नाही. टाळेबंदीची म्हणून निघालेली ही सोय लहान गावांच्या खेळाडूला प्रथमच शहरातल्याच्या बरोबरीने उभी करणारी ठरली. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये अंतर पुन्हा ४० मीटर करण्यात आले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एकजुटीने निषेध नोंदवला आणि महिना संपण्याआधी कंपनीला ८० मीटर कायम करावे लागले. चाहत्यांच्या आंदोलनाचा या मालिकेतील हा सर्वांत स्वच्छ विजय होय. दुरून लढण्याच्या पासाबाबत ते जमले नाही. एप्रिल २०२३ मध्ये एका पासची किंमत १०० नाण्यांवरून १९५ वर, तीन पासांची ३०० वरून ५२५ वर नेण्यात आली आणि दिवसाला पाचची मर्यादा घालण्यात आली. लोकांनी बाहेर पडून एकत्र खेळावे, हा कंपनीचा युक्तिवाद. मुंबईच्या शिवाजी पार्कवर तो पटतो. मानोऱ्यात बाहेर पडून कोणासोबत खेळायचे?

ही नाणी पैसे न देता मिळवायची तर गावातील 'जिम' या ठिकाणी आपला जीव पहाऱ्यावर ठेवावा लागतो आणि त्यातून दिवसाला जास्तीत जास्त ५० मिळतात. म्हणजे जिम जवळ असेल तर चार दिवसांत एक पास. जवळ नसेल तर खिशातले पैसे.

मार्च २०२५ मध्ये नायंटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरना 'स्कोपली' या कंपनीला विकण्याचा करार केला. ही कंपनी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या 'सॅव्ही गेम्स' समूहाची. व्यवहारानंतर पासांचे दर, खेळाडूंची माहिती आणि जाहिराती यांचे काय होणार, यावर परदेशी चाहत्यांत बरीच चर्चा झाली. लहान गावांतील थांब्यांचा विषय त्या चर्चेत क्वचितच निघाला.

'गो'मध्ये पकडलेला जीव नोव्हेंबर २०२० पासून 'पोकेमॉन होम' या सेवेतून मुख्य मालिकेच्या खेळांत नेता येतो. म्हणजे पद्मतीर्थाच्या काठावर पकडलेला एखादा जीव तत्त्वतः 'स्कार्लेट'मध्ये जाऊन लढू शकतो. त्यासाठी स्विच यंत्र लागते. ते वाशीमला मागवायचे असेल तर अजूनही मुंबईच्या एखाद्या आयातदाराला फोन करावा लागतो आणि पावती मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे लागते.